न लागलेल्या टोलची मागणी



वाण्याची उधारी किती राहिली हे नेणाऱ्यास ठाऊक असते, कारण पिशवी त्यानेच भरून नेलेली असते. रस्त्यावरील देण्याचे आता तसे राहिलेले नाही. अमेरिकेतील अनेक महामार्गांवर पथकर, म्हणजे टोल, घेणारा मनुष्यच उरलेला नाही. मोटार वेगाने निघून जाते, कॅमेरा तिच्या क्रमांकाचे छायाचित्र घेतो आणि बिल मागाहून टपालाने येते. त्यामुळे आपण काही देणे लागतो की काय, याची खात्री खुद्द मालकासही नसते. ठकांनी नेमके हेच हेरले.

मार्च २०२४ च्या आरंभापासून तेथे लोकांच्या मोबाइलवर एकाच ठशाचे निरोप येऊ लागले. १२ डॉलर ५१ सेंट टोल थकला आहे, ५० डॉलरांचा विलंब-आकार टाळावयाचा असल्यास सोबतच्या लिंकवर भरावा, अशी त्यांची भाषा. एफबीआय या तपास यंत्रणेने १२ एप्रिल २०२४ रोजी लोकांस सावध केले, तोपर्यंत तिच्याकडे २,००० हून अधिक तक्रारी आल्या होत्या. रक्कम लहान असते ती हेतुपुरस्सर. बारा डॉलरांसाठी चौकशी कोण करीत बसणार? परंतु तेवढे भरावयास गेलेला मनुष्य आपल्या कार्डाचा क्रमांक व गुप्त अंकही ठकाच्या स्वाधीन करून येतो. कोण कोणत्या रस्त्याने गेला हे ठकास मुळीच ठाऊक नसते. तो मूठभर बी सर्वत्र फेकतो. ज्यांचा त्याच आठवड्यात टोलच्या रस्त्याने प्रवास झालेला असतो, त्यांच्या अंगणात ते रुजते.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टोल नाक्यावरच खात्यातून वळता होतो. फास्टॅग बंद पडणार अशी भीती घालणारे निरोप येतात खरे. तथापि ठकांस येथे अधिक शोभले ते ई-चलानाचे सोंग. वाहतुकीचा दंडही कॅमेऱ्यावरून मागाहून होतो. एखादा सिग्नल चुकला असेल काय, हेल्मेट त्या दिवशी होते ना, असे मन आपोआप आठवू लागते आणि हात लिंकवर जातो.

यांतील सर्वांत घातक प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. ‘आपले चलान पाहा’ म्हणून एपीके जातीची फाइल धाडलेली असते. ती उघडून मोबाइलमध्ये बसविली की संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी ठकास परस्पर दिसतो. चलान पाहण्यासाठी अशी फाइल बसविण्याची आवश्यकताच नाही. आपण होऊन शासनाचे संकेतस्थळ उघडावे, गाडीचा क्रमांक घालावा. दंड असेल तर तेथे दिसेल.

संकेतस्थळ शासनाचे आहे हे कसे ओळखावे, हा मात्र वाचनपाठाचाच विषय आहे, आणि तो चौथीच्या मुलासही शिकविता येतो. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा व तो शेवटाकडून वाचावा. आधी ‘इन’, मग टिंब, मग ‘जीओव्ही’, आणि त्याच्याही आधी टिंब, असा क्रम लागला पाहिजे. ‘परिवहन.जीओव्ही.इन’ हा पत्ता खरा. ‘परिवहन-जीओव्ही.इन’ येथे टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे, म्हणून तो शासनाचा नव्हे. ‘जीओव्ही.इन’ नंतर टिंब देऊन आणखी काही जोडलेले असेल, तर तोही नव्हे. फळ्यावर असे पाच-सहा पत्ते लिहून खरे-खोटे ओळखण्यास सांगितले तर मुले मोठ्यांच्या आधी उत्तर देतील. बऱ्याच घरांत मोबाइलवरील निरोप वाचून दाखविण्याचे काम मुलांकडेच असते, हे ध्यानी घेता या पाठास दिलेली तासिका वाया जाणार नाही.

पैसे गेलेच, तर पुष्कळ जण लाजेने गप्प बसतात. शिकलेला मनुष्य अधिकच. तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जाते व काढून घेतली जाते. ती वाटेतच गोठविता यावी म्हणून १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि बँकेसही सांगावे. एपीके बसविलेली असल्यास त्या मोबाइलचे इंटरनेट आधी बंद करावे आणि हे दोन्ही फोन शेजाऱ्याच्या मोबाइलवरून करावेत.