नळातले बिऱ्हाडकरू

ग्वाल्हेरला तिघरा धरणाचं पाणी मोतीझीलला शुद्ध होऊन मिळतं. तरीही घरातल्या नळाच्या जाळीत, शॉवरच्या छिद्रांत क्षार साचतात आणि जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यातला लेजिओनेला २० ते ४५ अंश सेल्सिअसला वाढतो; इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी त्याला आयतीच. १९७६ साली फिलाडेल्फियात त्यानेच न्यूमोनियाची साथ आणली. तो तुषारांतून, श्वासावाटे फुप्फुसांत शिरतो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना धोका अधिक. म्हणून जाळ्या, शॉवर व्हिनेगरमध्ये भिजवून घासा. गिझर ६० अंशांवर ठेवा, अंघोळीला गार पाणी मिसळून घ्या. गावाहून परतल्यावर नळ काही मिनिटं वाहू द्या. टाकीही नियमित धुवा.