कुलबाब कुलकानू

इंग्रजी करारनाम्यात ‘एन्टायरटी’ हा भारदस्त शब्द भेटतो. अर्थ इतकाच, की काही वगळलेलं नाही, सगळं आलं. मराठेशाहीतल्या कारकुनाचं मात्र एका शब्दात भागत नसे. गाव इनाम देताना तो मोडीत लिही : ‘कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपसहित’. म्हणजे सगळे कर, आजचे आणि पुढे बसतील तेही. शिवाय पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, अगदी जमिनीत पुरलेलं धनसुद्धा! ‘कुल’ अरबी, ‘तृण’ संस्कृत. कारकुनाला सोवळंओवळं नव्हतं. पण लगेच पुढे येई, ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’. आधीच्यांच्या हक्कांना धक्का न लावता हे दान. मला विचाराल तर खरी अक्कल या तुकड्यात आहे.

हा ‘कुल’ कोल्हापूरच्या कचेरीत आजही भेटतो, कुलमुखत्यारपत्रात, म्हणजे आपल्या वतीने सगळे व्यवहार करण्याचे अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदात. तेव्हा मंडळी, असा कागद करून देताना कोणते अधिकार ‘खेरीज’ ठेवायचे ते आधी ठरवा, लिहून घ्या आणि मगच सही करा.