निर्वाणाची रात्र आणि मुके जीव



दीपावलीच्या अमावास्येस पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. त्याच रात्री उल्हासनगरात फटाका वाजला की आमचा मोती पलंगाखाली शिरून थरथरत असे. भित्रा म्हणून मी त्यास ओढून बाहेर काढी. ती माझी चूक होती. मनुष्यास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, श्वानास ४५,०००पर्यंत. पुढे आम्ही त्यास दिवेलागणीपूर्वीच फिरवून जेवू घालू लागलो. खिडक्या लावून जाड पडदे सोडावेत, पंखा चालू ठेवावा. तो लपला तर लपू द्यावे, जवळ बसावे. फारच घाबरत असल्यास पशुवैद्यांना आधीच विचारावे.

रस्त्यावरच्या श्वानांना मात्र पलंग नाही. जिन्याखाली आश्रयास आलेल्यास त्या रात्री तरी कोणी हाकलू नये, ही विनंती.