सेक्टर २२ : एका नव्या नगराचा प्रारंभ



१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेला पंजाब राजधानीवाचून उरला. कारभार शिमल्याहून चाले. परंतु ती तात्पुरती सोय होती. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी जागा निवडण्यात आली आणि जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून नगराला नाव मिळाले. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोविकी यांचा. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावले आणि पुढच्या वर्षी हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. चंदीगड म्हटले की त्यांचेच नाव घेतले जाते. परंतु माणसे प्रथम राहू लागली ती सेक्टर २२ मध्ये. आणि त्या सेक्टरची घडण मुख्यतः जेन ड्रू व मॅक्सवेल फ्राय या इंग्रज दांपत्याच्या हातची होय.

सेक्टर म्हणजे सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा चौकोन. वेगवान वाहने त्याच्या कडेने जावीत. आत शाळा, दवाखाना, दुकाने, हिरवळ पायी अंतरावर असावीत, अशी ही कल्पना. (वाशीत राहणाऱ्यांना निदान हा शब्द तरी परका वाटू नये.) सरकारी घरांचे प्रकार नोकराच्या वेतनावरून ठरविलेले होते. अगदी स्वस्त घर शिपायाचे. पण त्यातही दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, न्हाणी, संडास आणि अंगण होते. त्या काळच्या हिंदुस्थानात ही लहान गोष्ट नव्हती. मात्र वेतनावरून घर व घरावरून गल्ली ठरू लागली. जातीच्या मोहल्ल्यांऐवजी वेतनश्रेणीचे मोहल्ले उभे राहिले, हे म्हणणे कठोर वाटले तरी खोटे नाही.

रहिवाशांच्या गरजेपुरता योजलेला येथील बाजार पुढे साऱ्या शहराचा झाला. फ्राय यांनी उभारलेले किरण चित्रपटगृह आणि शास्त्री मार्केटची गर्दी ही आता सेक्टर २२ ची ओळख. १९६६ पासून चंदीगड पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे. पाच लक्ष वस्तीसाठी आखलेल्या या केंद्रशासित प्रदेशात २०११ च्या जनगणनेत साडेदहा लक्षांहून अधिक लोक मोजले गेले. घरे तेवढीच राहिली, वारस वाढले. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ ते ३० या सेक्टरांतील निवासी घरांचे तुकडे पाडून स्वतंत्र फ्लॅट करण्यास मनाई केली. नगराचा वारसा राखण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु वडिलांच्या एका घरात तीन भावांचे संसार थाटलेले असतील, तर त्यांनी वाटणी कशी करावी, हे त्या आराखड्यात कोठेच लिहिलेले नाही.