हत्यार सोडा, हक्क सोडू नका



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला की बोनस, महागाई आणि संप यांवर काही ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी बंदुकीवर बोलणार आहे. ती उचलण्याविषयी नव्हे, कायद्याने खाली कशी ठेवावी याविषयी. माझे शाळेतले शिक्षण थोडे. कायद्याची पुस्तके मी युनियनच्या कचेरीत, लोकांचे अर्ज लिहिता लिहिता वाचली. तेव्हा माझ्या बोलण्यात वकिलाची सफाई नसेल. पण कोणते कलम कोणाच्या चुलीपर्यंत जाऊन पोचते, ते मी पाहिले आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे बंदूक तीन वाटांनी आली. पहिली वाट वाड्यांची. जुन्या काळी शिकारीचा शौक होता. भिंतीवर चार-पाच बंदुका टांगलेल्या असत. दुसरी वाट शेताची. भात तयार होऊ लागले की रानडुकरे उतरतात, म्हणून शेतकऱ्याने ठासणीची बंदूक बाळगली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तिसरी वाट नोकरीची. बँकेच्या किंवा गोदामाच्या दारावर स्वतःची परवान्याची बंदूक असलेला रखवालदार पुष्कळ ठिकाणी पसंत केला जातो. म्हणजे नोकरी बंदुकीला लागते आणि माणूस तिच्यामागे उभा राहतो! ती बंदूक त्याने कर्ज काढून, बायकोचा दागिना मोडून घेतलेली असते. सुताराला जशी करवत, तशी त्याला ती बंदूक.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा करून या देशातील सामान्य माणसाच्या हातचे हत्यार परवान्याखाली आणले. त्याचा सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. राज्यघटनेत मात्र तो हक्क आला नाही. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पुढे १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका, अशी मर्यादा घातली. २०१९ च्या विधेयकात ती एकवर आणण्याची सूचना होती. अखेरीस दोनवर तडजोड झाली. ज्यांच्याकडे जास्त असतील त्यांनी दोन ठेवाव्यात आणि उरलेल्या एक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कराव्यात, असे ठरले. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही. आजोबांची आठवण म्हणून तिसरी ठेवता येईल, हा समज आता सोडावा.

ही मर्यादा मला मान्य आहे. ज्या घरात दोन बंदुका आहेत त्या घराचे रक्षण तिसरीवाचून अडते, असे कोणी सिद्ध करून दाखवील काय? हत्यारे कमी झाली तर पहिला लाभ गरिबाला होतो, कारण गोळी बहुधा त्याच्याच दिशेने येते. तथापि सरकारने 'सोड' म्हणणे आणि माणसाने 'गमावणे' यांत अंतर आहे. माझे आजचे सांगणे त्या अंतरापुरतेच आहे.

कायद्याने बंदूक विकता येते काय? येते. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक, ती घेण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या माणसाला विकावयास दुकानदाराचा परवाना लागत नाही. मात्र विकण्याचा आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाणे-अंमलदाराला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. बैल बाजारात नेऊन दावे दुसऱ्याच्या हाती द्यावे, तसा हा व्यवहार नाही. घेणाऱ्याचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहावा, त्यावर अशा जातीच्या हत्याराची परवानगी आहे की नाही ते वाचावे आणि व्यवहाराची नोंद दोन्ही परवान्यांवर झाली म्हणजेच तो संपला असे समजावे.

खरी अडचण येते ती परवाना संपल्यावर किंवा परवानाधारक वारल्यावर. रखवालदार गेला. बंदूक घराच्या कोपऱ्यात आहे. परवाना त्याच्या नावाचा होता, बायकोच्या नव्हे. दिवसकार्ये चालू आहेत. बंदुकीचा विचार कोणाच्या मनात येणार? पण कायद्याच्या दृष्टीने ते घर आता बिनपरवाना हत्यार बाळगणारे घर होते. अशा वेळी कलम २१ सांगते की बंदूक विनाकारण उशीर न लावता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. इथपर्यंत लोक ऐकतात, कारण भीती असते. ठाण्यात बंदूक दिली, सुटलो, असे म्हणून घरी येतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी असेच केले होते. हाती पावती नव्हती, आणि आपला त्या वस्तूशी काही संबंध उरला आहे हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

परंतु तेच कलम पुढेही बोलते. जमा करणाऱ्याला, आणि तो वारला असल्यास त्याच्या वारसाला, ठरलेल्या मुदतीत ती बंदूक अधिकारी माणसाला विकण्याचा किंवा विकवून घेण्याचा हक्क आहे आणि आलेले पैसे त्याचेच आहेत. मुदत टळली तर ती सरकारजमा होऊ शकते. पण त्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांनी लेखी नोटीस देऊन ३० दिवसांत म्हणणे मांडण्याची संधी द्यावयाची असते. एवढे सगळे कायद्यात लिहिलेले आहे. गरिबाच्या घरात फक्त त्यातला पहिला अर्धा भाग पोचतो, आणि पैशाचा अर्धा भाग वाटेतच राहतो.

तानसाच्या परिसरात आणखी एक गाठ आहे. हा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आला आहे आणि त्याच्या भोवतीचे रान अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात व त्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले नाव वनखात्याकडे नोंदवावे लागते, आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. याचा अर्थ काय? बापाची बंदूक मुलाला हवी असेल, तर मुलाच्या नावाचा परवाना हा नवाच परवाना. गावातला गिऱ्हाईक शोधाल, तर त्यालाही हीच अट. म्हणजे बंदूक विकावयाची तर घेणारा पट्ट्याबाहेरचा किंवा आधीच परवाना असलेला पाहावा लागणार. आणि पीकसंरक्षणाचा परवाना हाती आहे म्हणून डुक्कर मारण्याची मोकळीक मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. मग ज्या शेतकऱ्याची बंदूक वर्षानुवर्षे खुंटीवर गंजते आहे, त्याने ती वेळीच विकलेली काय वाईट? मोडीच्या भावाने का होईना, पैसे त्याच्या हाती येतील.

बाहेरच्या देशांनी काय केले तेही पाहू. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सरकारने काही जातींच्या बंदुका बंद केल्या आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन विकत घेतल्या. त्या खर्चासाठी उत्पन्नावर तात्पुरता जादा कर बसविला. न्यूझीलंडने २०१९ मध्ये नव्यासारख्या हत्याराला मूळ दराच्या ९५ टक्क्यांपर्यंत मोबदला दिला. त्यांच्याकडे हत्यारांच्या जातींवर बंदी आली, आपल्याकडे संख्येवर. हा फरक मी विसरत नाही. पण तेथील तत्त्व कामगाराला चटकन पटते. शांतता सर्वांना हवी, तर तिची किंमतही सर्वांनी वाटून घ्यावी. आपल्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा बंदुकीला सरकारी मोबदला नाही. आहे तो केवळ विकण्याचा हक्क. मुदतीच्या धाकाने अनेकांनी एकदम विकावयास काढले की भाव पडणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. कांद्याचे शेतकरी सांगतील.

म्हणून आपणा सुशिक्षित मंडळींकडे माझी मागणी लहान आहे. आपल्या ओळखीत परवान्याची बंदूक असलेला रखवालदार असेल, शेतकरी असेल, तर तो हयात असतानाच परवाना त्याच्याकडून वाचून घ्या. मुदत केव्हा संपते, वारस कोण, बंदूक ठेवावयाची की विकावयाची, हे घरात ठरू द्या. त्याच्यामागे घरच्यांना बंदूक जमा करावी लागली, तर सहीशिक्क्याची, हत्याराचा क्रमांक असलेली पावती घेतल्याशिवाय त्यांना ठाण्याची पायरी उतरू देऊ नका. विकण्याची मुदत विचारून त्या पावतीच्या पाठीवर लिहून ठेवा. अर्ज लिहिता येत नसेल तर आपण लिहून द्या. एक कागद आणि अर्धा तास, एवढेच लागते.

हत्यार सोडावयास सांगणारा कायदा चांगला आहे. त्याने दिलेला हक्क बजावावयास शिकविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.