चकलीचा हिशेब

(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हा चौघींना तुम्ही दिवाळीच्या फराळामुळे ओळखता. आज मात्र चकलीच्या खुसखुशीतपणाबद्दल बोलायचे नाही. गेल्या वर्षी आम्ही लघुव्यवसाय आणि हिशेबलेखन या विषयाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, त्याबद्दल बोलायचे आहे. आमच्यातली धाकटी 38 वर्षांची, थोरली 57 वर्षांची. वर्गात पहिल्या दिवशी आम्हाला पालक समजून बाहेरच्या बाकावर बसवले होते!

हे वय शिकायचे का, असे अनेकांनी विचारले. कारण सांगतो. आमच्यापैकी एकीच्या यजमानांचा कारखाना बंद पडला होता. बाकी तिघींना फराळ म्हणजे हौस आणि वरकमाई. तिचा त्यावर घरखर्च होता. तिसऱ्या दिवाळीनंतर तिने विचारले, "एवढे राबलो, मग पैसे गेले कुठे?" आम्हा कोणालाच उत्तर देता येईना. डबा एकीकडे, वही दुसरीकडे, आणि निम्म्या नोंदी डोक्यात. कोणी कोणावर आरोप केला नाही, पण पंधरा दिवस आम्ही एकमेकींकडे चहाला गेलो नाही. वीस वर्षांची मैत्री चकलीपायी तुटते की काय, अशी वेळ आली. तेव्हा ठरले, हिशेब शिकायचा.

वर्ग गुजरातीत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहणाऱ्या. बोलायला अडचण नव्हती. तरी पहिल्याच तासाला अडलो. सरांनी फळ्यावर लिहिले, रोख विक्री झाली, म्हणून रोकड खाते 'उधार'. आम्ही चमकलो. पैसे हातात आले आणि उधारी कसली? मग कळले, मराठीत आपण ज्याला 'नावे' म्हणतो, त्याला गुजरातीत 'उधार' म्हणतात. त्यांची 'खातावही' ती आपली खतावणी, त्यांचे 'काचुं सरवैयुं' ती आपली तेरीज. घरी हे सांगितले तर थोरलीच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द आमच्या मामंजींच्या तोंडी रोज असायचे." गायकवाडांच्या दफ्तरात कारकुनी केलेल्या घरांतले हे शब्द. राज्याचे हिशेब आपल्या घरांनी लिहिले. स्वतःच्या धंद्याचे लिहायची वेळ मात्र फारशी आली नाही, कारण धंदा आपल्याला करायचाच नव्हता. नोकरी बरी!

आता मुख्य गोष्ट. सरांनी आम्हाला आमच्याच चकलीची किंमत मांडायला सांगितली. एका किलोला भाजणी, तेल, तीळ मिळून 150 रुपये, गॅस 15, पिशवी आणि चिठ्ठी 10, पोचवणे 10. एकूण 185. आम्ही विकत होतो 240 ला. किलोमागे 55 रुपये फायदा, असे आम्ही आनंदाने सांगितले. सर म्हणाले, "आणि तुमचे हात?" चौघी तीन तास बसलो की सहा किलो चकली होते, म्हणजे किलोला दोन तास. 55 भागिले दोन. तासाला साडेसत्तावीस रुपये! मदतीला येणाऱ्या बाईंना आम्ही याहून जास्त देत होतो. तुटलेल्या चकल्या आणि "चव बघा" म्हणून वाटलेल्या पुड्या यात धरलेल्याच नव्हत्या. सोऱ्यालाही घसारा लागतो, हेही तेव्हाच कळले.

पैसे कुठे गेले, याचेही उत्तर मिळाले. कोणी गॅसचे बिल डब्यातून दिले, कोणी मुलाची फी. परत भरायचे मनात होते, राहून गेले. चोरी कोणाचीच नव्हती, नोंदही कोणाची नव्हती. हिशेबशास्त्रात याला 'उचल' म्हणतात. घर वेगळे, धंदा वेगळा, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. उचल लिहायला लागल्यापासून आमचा चहा पुन्हा सुरू झाला.

परीक्षा सोपी गेली नाही. एकीची तेरीज 90 रुपयांनी जुळेना आणि ती नापास झाली. नंतर कळले, 450 च्या जागी तिने 540 लिहिले होते. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे; फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली तर ती चुकीच्या बाजूला लिहिली आहे का ते पाहावे. हे आता ती झोपेतही सांगते. दुसऱ्या खेपेस ती आम्हा सर्वांपेक्षा जास्त गुणांनी पास झाली.

आज आमची चकली 340 रुपये किलो आहे. काही गिऱ्हाइके गेली. दोन नातेवाईक अजून रुसलेले आहेत. पण तासाला साडेसत्याहत्तर रुपये पडतात. जिचे घर यावर चालते, तिला महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम मिळते.

याच गावात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले. हाताला काम शिकवणारे शिक्षणही शिक्षणच, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आपण मात्र मुलाने पदवी सोडून असा अभ्यासक्रम घेतला की पाहुण्यांना सांगताना आवाज खाली आणतो. तो आणू नका, एवढीच विनंती. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र कोण देणार, प्रत्यक्ष काम किती करून घेणार, आणि आधी शिकून गेलेले आज काय करतात. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळाले तर फीचे पैसे खिशातच ठेवा.

आणि घरी शिवण, डबे, शिकवण्या, मसाले असे काही करणाऱ्या भगिनींनो, विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी चारला आम्ही याच सभागृहात बसणार आहोत. फी नाही. एक कोरी वही आणा, आणि गेल्या महिन्यात तुम्ही किती तास राबलात, तेवढे आठवून या. पहिली नोंद तीच करायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!