पेरूच्या पानांची परीक्षा

(पुण्यातील वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



जुलाब लागले की पेरूची पानं उकळून काढा पाजायचा, हे आपल्यापैकी अनेकींनी आजीकडून ऐकलंय. वस्तीत हे सांगितलं की कुणी हसतं, कुणी डोळे मिटून विश्वास ठेवतं. मला दोन्ही पटत नाही. औषध म्हणता ना, मग तपासून घ्या!

ते तपासलं गेलंय. पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवणारे डॉ. नोशीर अंतिया तुम्हाला माहीत असतील. त्यांनीच मुंबईत उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. तन्नाझ बिर्डी आणि सहकाऱ्यांनी या काढ्यावर संशोधन केलं. ते २०१० साली प्रसिद्ध झालं. काढ्यानं पटकीच्या आणि रक्ती आवेच्या जंतूंना अटकाव केला. पटकीचं विष कमी तयार झालं. जंतूंच्या दुसऱ्या एका विषावर मात्र काहीच परिणाम झाला नाही, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं. पानांतलं क्वेर्सेटिन हे द्रव्य वेगळं काढून वापरलं, तर त्याला यातलं थोडंच जमलं. म्हणजे आजीचा काढाच सरस!

पुढे माणसांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली आले. जलसंजीवनीसोबत दहा पानांचा काढा घेणारे लवकर बरे झाले. पण ही चाचणी मोठ्या माणसांवर होती. तिच्या भरवशावर तान्ह्या बाळाला काढा पाजू नका.

बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आटून. म्हणून आधी जलसंजीवनी : १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालूच ठेवा. शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर तडक दवाखाना.

शेवटचं एक. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली. अनेकांना आधी जुलाब झाले, मग हातपाय लुळे पडले. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. पाणी भरायचं बाईनं, उकळायचं बाईनं, आजारी पोराची उस्तवार करायची तीही बाईनंच! मग नळाला स्वच्छ पाणी देणं कुणाचं काम? काढा जरूर सांगू या. पण त्याच फेरीत पाण्याच्या अर्जावर सह्याही गोळा करू या.